वेचणीच्या दिवसांतला मसुदा

शाळा सुटल्यावर मानवतहून निघणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, की मी रस्त्याकडच्या बाभळी बघत बसते. दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले, की आमच्याकडच्या बाभळींना कापूस येतो. जिनिंगकडं निघालेले टेंपो आणि ट्रॅक्टर इतके चेपून भरलेले असतात, की वळणावर बाभळीच्या फांद्या त्यांच्या अंगाला घासतात आणि काट्यांमध्ये मूठ-मूठ कापूस अडकून राहतो. नवखा माणूस विचारतो, ही कसली फुलं? आम्ही सांगतो, पऱ्हाटीची. त्याला ते खरंही वाटतं.

काल बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या केसांत, पदरावर, अगदी पापणीवरसुद्धा कापसाचे तंतू होते. तिच्या हातांकडं माझं लक्ष गेलं. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्या सुईसारख्या टोकदार असतात. महिनाभर वेचलं की नखांच्या कडेची कातडी फाटते आणि बाया तिथं जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळतात. त्या चिंध्या बघितल्या आणि मला ते वर्ष आठवलं. तसं ते दर हंगामात आठवतं, पण दर वेळी वेगळ्या जागेपासून सुरू होतं. कधी मानवत रोडच्या फलाटापासून, कधी परभणीतल्या एका लोखंडी फाटकापासून, तर कधी आमच्या रानात वेचायला येणाऱ्या गयामायच्या नुसत्या आवाजापासून.

मी परभणी शहरात वाढलेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा कापूस मला गादीतला तेवढा माहीत होता. मानवतच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि माझा दिवस शाळेत जायला लागला. रानाचं सगळं विश्वनाथ, माझे पती, बघायचे. त्यामुळे वेचणीचा हंगाम मला बरीच वर्षं फक्त कडेकडेनं कळला. सकाळी बसथांब्याकडं जाताना पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दहिवर चमकत असायचं. ते ओसरल्याशिवाय वेचायचं नसतं, ओला कापूस ढिगात काळा पडतो. म्हणून बाया बांधावर उन्हाची वाट बघत बसलेल्या असायच्या, भाकरीची गाठोडी शेजारी ठेवून. संध्याकाळी परतताना त्याच बाया डोक्यावर कापसाची मोठाली गाठोडी घेऊन रांगेनं येताना दिसायच्या. मधला सगळा दिवस गाव ओस. दारांना कड्या, गल्लीत म्हातारी माणसं आणि शेळ्यांची करडं. पोस्टमनसुद्धा या दिवसांत पत्रं किराणा दुकानात ठेवून जायचा.

आणि त्या ओस गावाच्या टोकाला आमचा दवाखाना. सरकारी भाषेत आरोग्य उपकेंद्र. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढं कडुलिंब. व्हरांड्याच्या भिंतीवर गरोदर बाईचं रंगवलेलं चित्र होतं, तिच्या कपाळावर कुणीतरी पेनानं कुंकू काढलं होतं. मागच्या खोलीत बाळंतपणाचं लोखंडी टेबल. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी येऊन मानवतचा रस्ता बंद पडला, तेव्हा गयामायची सून लक्ष्मी त्याच टेबलावर बाळंत झाली. दवाखान्यातल्या सिस्टरनं एकटीनं सगळं निभावलं. मुलगी झाली. गयामायनं दुसऱ्या दिवशी सिस्टरला शेळीच्या चिकाचा खरवस नेऊन दिला आणि पुढं वर्षभर जो भेटेल त्याला ती त्या टेबलाचं कौतुक सांगत होती, जणू टेबलानंच सगळं केलं.

गयामाय धनगराची. साठीच्या अलीकडं-पलीकडं, बारीक अंगाची, काळीशार. घरात शेळ्या-मेंढ्या. उन्हाळ्यात तिचा मुलगा मेंढरं घेऊन येलदरीकडं जायचा, तिथं धरणाचं पाणी मागं सरलं की हिरवळ मिळते. गयामाय मात्र इथंच राहायची आणि हंगामात वेचायला यायची. तिचे दोन्ही हात वेगवेगळे चालायचे. एक हात एका बोंडाला असतानाच दुसरा पुढच्याला जाऊन पोचलेला असायचा, आणि नजर तिसरीकडंच.

त्या वर्षी एका शनिवारी आरोग्यखात्याची आशाताई म्हणून काम करणारी आमच्या गावची सुमन माझ्या घरी आली. हातात मोबाईल.

“मॅडम, हे इंग्रजी जरा वाचून सांगा. मीटिंगमधी सायेब म्हनायलते, दवाखान्यात बदल होनार हाय. काय बदल, ते कुणी नीट सांगेना.”

तो शासनाचा एक मसुदा होता. जाडजूड. आरोग्यसेवेत सुधारणा करायच्या होत्या आणि त्या कशा करायच्या याचा विचार त्यात मांडला होता. मी चष्मा लावून वाचत गेले. ज्या उपकेंद्रांचा वापर अपुरा आहे त्यांचं सुसूत्रीकरण करावं. त्यांची कामं मोठ्या रुग्णालयाकडं सोपवावीत. गावात आठवड्यातून एकदा फिरतं पथक जाईल. जोडलेल्या तक्त्यात आमच्या भागापुढं मंगळवार दुपार लिहिली होती.

“म्हंजे आपला दवाखाना जानार का?” सुमननं विचारलं.

“जाणार असं कुठं लिहिलेलं नाही. सुसूत्रीकरण लिहिलंय.”

“ते म्हंजे काय?”

मी वीसेक वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आले होते. “जाणार,” मी म्हणाले.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं की कुणाला हरकती किंवा सूचना मांडायच्या असतील तर पंधरा दिवसांत इमेलनं पाठवाव्यात. शिवाय परभणीत एक चर्चेची बैठक होईल आणि तिला संबंधित घटकांना बोलावलं जाईल. घटकांची यादीही होती. अधिकारी, तज्ज्ञ, डॉक्टरांच्या संघटना, संस्थांचे प्रतिनिधी. ज्या बाया त्या टेबलावर झोपणार होत्या त्या यादीत कुठंच नव्हत्या.

सुमननं मोबाईल परत घेतला. मग म्हणाली, “बायांना सांगायला पायजे मॅडम. पन माझं नाव घेऊ नका. माझं काम जाईल.”

सांगायचं तर खरं, पण कुठं? बाया घरी असतातच कधी? म्हणून रविवारी मी मसुद्याची छापील पानं घेऊन आमच्याच रानात गेले. तिथं गयामाय, लक्ष्मी आणि आणखी दहा-बारा जणी वेचत होत्या. मी बांधावर उभी राहून वाचायला सुरुवात केली, इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत मोठ्यानं सांगायचं. पान उलटेपर्यंत बाया वीस पावलं पुढं गेल्या होत्या. त्या माझ्यासाठी थांबू शकत नव्हत्या आणि मी ओरडून बोलू शकत नव्हते. शेवटी मीही त्यांच्या मधून चालत वाचायला लागले. पायाखाली ढेकळं, साडीला अडकणारी बोंडांची टोकं. हवेत सुकलेल्या पाल्याचा तुरट वास. शेजारच्या पट्ट्यात तूर फुला-शेंगांवर आलेली आणि तिच्यावर मधमाश्यांची गुणगुण. असा वर्ग मी आयुष्यात घेतला नव्हता.

“लाभार्थी म्हंजे कोन?” गयामायनं मध्येच विचारलं.

“तुम्ही.”

“आन् हे बैठकीला बसनारे घटक?”

“ते दुसरे.”

बाया हसल्या. हसताना त्यांचे हात थांबले नाहीत.

मंगळवारी दुपारी फिरती गाडी येणार हे ऐकल्यावर एक जण म्हणाली, “या दिसांत दुपारी गावात कुत्रीच ऱ्हातेत. त्यायलाच सुया देतील का?” आणखी एकीनं विचारलं, “बाळातपनाला मंगळवारपस्तोर थांब म्हनायचं का?” मी ही वाक्यं मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेले. चालता चालता अक्षरं वाकडी येत होती.

मग ते वाक्य आलं. पाहणी पथकाला असं आढळलं, की अशा उपकेंद्रांत येणाऱ्या रुग्णांची संख्या फार कमी आहे.

गयामायचे दोन्ही हात थांबले. मी तिचे हात थांबलेले पहिल्यांदाच बघत होते.

“कवा मोजलं त्यांनी?”

मी पानं मागं उलटून शोधलं. “नोव्हेंबर-डिसेंबर.”

“म्हंजे हेच दिस की.” ती माझ्याकडं वळली. “वेचनीत कुनी आजारी पडत न्हाई माय. दुखनं समद्यायला असतंय, पन आमी ते ठिवून देतो. शिमगा झाला की काढतो. तवा येऊन बगा म्हनावं, लिंबापस्तोर रांग असती.”

नंतर सुमननंही तेच सांगितलं. तिच्या नोंदवहीत दर वर्षी फाल्गुनात पानंच्या पानं भरलेली असायची आणि मार्गशीर्षात जेमतेम चार ओळी. हे इतकं साधं होतं, की गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दुपारी आम्ही तुरीच्या सावलीत भाकरी खाल्ली. लक्ष्मीनं तुरीच्या कोवळ्या दाण्यांची भाजी आणली होती. मी भाकरी बाजूला ठेवून मागं लिहिलेलं पुन्हा वाचत होते. मी दर वर्षी कडेकडेनं जो हंगाम बघत होते, त्यात या बायांचे ताप, पोटदुख्या, अंगावरून जाणं, खोकले सगळं शिमग्यापर्यंत ठेवलेलं असायचं. आणि ते कुणाच्या रानात ठेवलेलं असायचं? आमच्या. कापूस वेळेवर घरात यावा म्हणून. हे मला कुणी सुनावलं नव्हतं. गयामाय तर माझ्या भाकरीवर आणखी भाजी वाढत होती. “खा की माय,” ती म्हणाली, “तुजं वाचून वाचून तोंड वाळलंय.”

पुढचे दहा-बारा दिवस मी शाळेतून आले की तशीच रानात जायचे. अंधार पडेपर्यंत जे वाचून होईल ते वाचायचं. सगळं ऐकून झाल्यावर आम्ही मिळून एक पत्र तयार केलं. त्यात बायांचं म्हणणं होतं आणि शेवटी विनंती, की बैठकीला आमच्या गावच्या बायांनाही बोलवावं. पत्राला एका ओळीचं उत्तर आलं. बैठक केवळ निमंत्रितांसाठी आहे. आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.

मी ते वाचून दाखवलं. गयामाय म्हणाली, “नोंद घेतली, मग बोलवायला काय झालतं?” आणि थोड्या वेळानं, “आपन जाऊ. फाटकात बसू. हाकललं तर माघारी येऊ.”

सुमन मात्र येणार नव्हती. हे सांगताना तिला रडू आलं. बाया तिला काही बोलतील असं मला वाटलं होतं. गयामायनं तिचा हात धरला. “तू हितंच ऱ्हा बाई. कुनाचं पोट दुखाया लागलं तर गावात कोन हाय? लक्ष्मीची पोरगी बी तुज्यापाशीच ठिवायची हाय.”

बैठकीच्या दिवशी सकाळी दहिवर पडलंच नाही. आभाळ भरून आलं होतं. फुटलेली बोंडं अशी पांढरीफेक उभी असताना पावसाचा एक शिडकावा आला तर महिन्याची मेहनत पिवळी पडते. विश्वनाथ अंगणात उभे राहून वर बघत होते.

“आभाळ आलंय,” ते म्हणाले.

“दिसतंय.”

“वेचणाऱ्या सगळ्या तुझ्यासंगं निघाल्या.”

मनात आलं, आता हे म्हणतील, उद्या जा. आणि उद्या बैठक नव्हती. त्यांनी पायात चपला घातल्या, एक रिकामं पोतं खांद्यावर टाकलं. “स्टेशनापर्यंत टेंपो सांगून ठेवलाय,” ते म्हणाले. “एवढ्या जणी चालत कुठं जाता.” आणि ते एकटेच रानाकडं गेले. संसारात प्रेमाची वाक्यं आमच्यात फार झाली नाहीत. मला हे एक पुरतं.

मानवत रोडला पॅसेंजर मिळाली. डब्यात बाया खालीच गोल करून बसल्या. कुणी पहिल्यांदाच परभणीला दवाखान्याशिवाय दुसऱ्या कामाला निघाली होती. लक्ष्मी दहावी झालेली, तिनं मसुद्याची पानं मांडीवर घेतली होती आणि इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत होती. माझ्या पर्समध्ये चार पानांचं भाषण होतं. ते मी आठवडाभर लिहीत होते, शाळेत मधल्या सुट्टीत. काही वाक्यं इंग्रजीत, म्हणजे साहेबांना कळावं की आम्ही मसुदा वाचून आलो आहोत. मी इस्त्रीची साडी नेसले होते.

सभागृहाच्या फाटकावर एक रखवालदार उभा होता. त्यानं यादी बघितली, आमच्याकडं बघितलं आणि मान हलवली. फाटकातून सभागृहाचं उघडं दार दिसत होतं. आत रांगेनं खुर्च्या, पांढरी कापडं टाकलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. बैठक सुरू झाली होती तरी निम्म्याहून अधिक खुर्च्यांवर कुणी नव्हतं.

“खुर्च्या मोकळ्याच हायत की लेकरा,” गयामाय म्हणाली.

“त्या नावाच्या हायत, माय.”

“नावं कुठं गेली मग?”

रखवालदाराला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. “माज्या हातात काय न्हाई, माय. मला सायबाचा हुकूम हाय.”

“तुज्यावर राग न्हाई आमचा,” ती म्हणाली.

फाटकाबाहेर करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली आम्ही बसलो. घोषणा द्यायचं काही ठरलं नव्हतं, आणि आमच्यातल्या कुणाला ते जमलंही नसतं. मी पानं काढली आणि रानात वाचत होते तसंच वाचायला लागले. एक मुद्दा वाचायचा, मग बाया त्यावर बोलायच्या. आज त्यांचे हात रिकामे होते, त्यामुळे आवाज मोठे झाले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. एक रिक्षावाला, कुणाच्या तरी पेशंटचा डबा घेऊन निघालेला म्हातारा, कॉलेजच्या दोन मुली. म्हातारा म्हणाला, “आमच्याकडंबी हेच करायलेत.” तो बसलाच आमच्यात. चहाच्या टपरीवाल्यानं पाण्याची कळशी आणून ठेवली. बघता बघता झाडाखाली आतल्यापेक्षा जास्त माणसं झाली. आमची बैठक चांगली चालली होती, असं म्हणायला हरकत नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं एक अधिकारी बाहेर आले. रागावलेले नव्हते, वैतागलेले होते. आवाज आत येतोय, म्हणाले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या इस्त्रीच्या साडीवर थांबली.

“मॅडम, तुम्ही आणि सोबत आणखी एक जण आत या. पाच मिनिटं देतो.”

मी उठले. पर्स उघडून भाषण हातात घेतलं. तेवढ्यात गयामायनं खालून माझा पदर धरला.

“बस माय तू.”

“म्हणजे?”

“तू लय वाचलंस आमच्यासाठी. तुला आत घेतील, खुर्ची देतील. तू बोलशीलबी चांगलं. पन मग आमी आलो कामून? ते म्हनतील, मॅडम बोलल्या, झालं.” तिनं लक्ष्मीकडं हात केला. “आमी दोगी जातो.”

माझे कान तापले. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत मला दुखवण्याचं काही नव्हतं, तेच मला जास्त लागलं. पंधरा दिवस मी राबले होते. मसुदा मी वाचला होता, पत्र मी लिहिलं होतं. आणि आता मला झाडाखाली बसायला सांगत होत्या. अधिकारी म्हणाले, “अहो, त्यांना मांडता यायला हवं.” त्यांचं ते वाक्य ऐकलं आणि मला लाज वाटली, कारण मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते.

मी खाली बसले. “याच जातील,” मी म्हणाले.

फाटक उघडलं. गयामायनं चपला बाहेर काढून ठेवल्या. रखवालदार म्हणाला, “चपला घालून जा माय, फरशी गार हाय.” तिनं त्या परत घातल्या. दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

मग थेंब पडायला लागले. बारीकच, पण पडायला लागले. सगळ्या जणींनी पदर डोक्यावर घेतले आणि सगळ्या जणी एकाच दिशेला, गावाच्या दिशेला, बघायला लागल्या. कुणी कापसाचं नाव काढलं नाही. मला विश्वनाथ दिसत होते, एकटे, वाकून वेचताना. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. एकही बाई उठली नाही.

दोघी बाहेर आल्या तेव्हा लक्ष्मीचं तोंड लाल झालं होतं आणि गयामाय नेहमीसारखी होती. काय झालं ते गाडीत बसल्यावरच तिनं सांगितलं.

“मी इचारलं, मोजाया कवा आलते? ते म्हनले, डिसेंबरात. म्हनलं, तवा आमी रानात असतो, फागुनात या. एक सायेब हसले. म्हनले, मावशी, आजार असा ठिवता येतो का? म्हनलं, तुमाला येत न्हाई. आमाला येतो.”

“मग?”

“मग हसले न्हाईत. एक तरनी डाक्टरीण बसलती कोपऱ्यात, तिनं लिवून घेतलं. ही लक्ष्मी बी बोलली. ओढ्याला पानी आलतं ते सांगितलं. टेबलाचं सांगितलं. पयल्यांदा आवाज फुटंना तिचा, मग थांबंना.”

लक्ष्मी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या गालावरचं हसू मला काचेत दिसत होतं. माझ्या पर्समधलं भाषण मी घरी येऊन पेटीत ठेवून दिलं. पुढं कधीतरी वाचून बघितलं. भाषा चांगली होती. त्यात डिसेंबरचा मुद्दा तिसऱ्या पानावर होता.

घरी आले तर पडवीत ओलसर कापसाचा ढीग होता आणि विश्वनाथ तो हातानं पसरत होते. बोटांना रक्त आलेलं.

“किती राहिला?” मी विचारलं.

“ओढ्याकडचा सगळा.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “आत घेतलं का?”

“दोघींना.”

“तुला?”

“मला नाही.”

त्यांनी ढिगाची एक कड माझ्याकडं सरकवली. मीही त्यांच्या शेजारी बसून कापूस पसरायला लागले. ओढ्याकडचा कापूस त्या वर्षी पिवळा पडला तो पडलाच.

मोजणारी माणसं फाल्गुनात परत आली. खरंच आली. शिमग्यानंतरच्या सोमवारी व्हरांड्यातून कडुलिंबापर्यंत आणि तिथून रस्त्यापर्यंत रांग होती. कुणी मुद्दाम जमवली नव्हती. हंगामभर ठेवलेली दुखणी घेऊन बाया आल्या होत्या, दर वर्षी येतात तशा. आलेला माणूस वहीत आकडे लिहिता लिहिता मध्येच थांबून नुसता बघत राहिला, असं सुमननं मला सांगितलं.

अखेर जो निर्णय आला तो अर्धा होता. दवाखाना राहिला. वेचणीच्या महिन्यांत तो संध्याकाळी उघडा ठेवायचं ठरलं. पण बाळंतपणाची सोय काढून मोठ्या रुग्णालयाकडं दिली. एके दिवशी टेंपो आला आणि ते लोखंडी टेबल घेऊन गेला. टेंपोत चढवताना त्याचा एक पाय दाराला अडकला, तेव्हा गयामायनं पुढं होऊन तो सोडवून दिला. लक्ष्मीचं दुसरं बाळंतपण मानवतला झालं. सुखरूप झालं, पण गाडीची वाट बघताना गेलेला तो तास ती अजून विसरलेली नाही. निर्णयाच्या कागदावर पहिलीच ओळ अशी होती, की संबंधित घटकांशी व्यापक विचारविनिमय करून हा निर्णय घेण्यात येत आहे. करंजाच्या झाडाबद्दल त्यात काही नव्हतं.

आता या दिवसांत संध्याकाळी बसमधून उतरले की दवाखान्यात दिवा दिसतो. व्हरांड्यात बाया बसलेल्या असतात, काही जणींच्या कमरेची वेचणीची झोळीसुद्धा सोडलेली नसते. परवा त्यात गयामाय होती. खोकला झालाय म्हणाली. आठच दिवसांचा. आठ दिवसांच्या खोकल्यासाठी वेचणीत दवाखान्यात बसलेली गयामाय बघून मला इतकं बरं वाटलं, की मी तिच्याजवळ बसून राहिले आणि घरी जायला उशीर झाला.

यंदा आणखी एक मसुदा आला आहे. फिरत्या पथकांबद्दल, औषधांबद्दल. यावेळीही बैठकीचं बोलावणं आलेलं नाही. गेल्या शुक्रवारी सकाळी लक्ष्मी घरी आली. “मॅडम, तुमी नुसतं इंग्रजीचं मराठी करून द्या. वाचते मी,” म्हणाली. मी दोन दिवस बसून करून दिलं.

रविवारी ती रानात वाचत होती तेव्हा मीही तिथं होते. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून मीही कमरेला झोळी बांधली आणि एक पात, म्हणजे वेचायची एक ओळ, धरली. ऊन कोवळं होतं, बोंडं नुकती कोरडी झालेली. पहिल्या दहा बोंडांतच माझ्या बोटाला टोचलं. लक्ष्मी चालत वाचत होती, ढेकळांना न अडखळता. एका मुद्द्यावर ती थांबली. मला वाटलं, अर्थ विचारायला ती माझ्याकडं बघेल. तिनं बायांकडं बघितलं. “ह्याच्यावर कोन बोलतंय?” तिनं विचारलं, आणि तीन-चार जणी एकदमच बोलायला लागल्या.

सवयीनं मी पेन शोधायला लागले. पलीकडच्या ओळीतून गयामाय म्हणाली, “ऱ्हाऊ दे माय. लिवतीय लक्ष्मी. तू तुजी पात संपव.”

माझी पात सगळ्यांच्या मागं राहिली होती. मी वाकले आणि वेचायला लागले.